धरणावरचा जुना घाट

४ मे
ऑफिसातून वही मिळाली. दर तीन तासांनी मालाचं तापमान लिहायचं. गाडीतलं मशीन स्वतःच नोंद ठेवतं, पण गाड्यांचं वेळापत्रक बघणारा हेंड्रिक म्हणाला, मालकाचा मशीनवर विश्वास नाही. माझ्यावर तरी कुठं आहे? मी दोन वह्या मागून घेतल्या. एक त्यांची, एक माझी.

नाव घालून ठेवते. मोसिबुदी मलात्जी, वय चव्वेचाळीस. एकोणीस वर्षं त्झानीनच्या फळांच्या शेडात सरकत्या पट्ट्यापुढं उभी राहून अव्होकाडो, संत्री निवडली. गुडघे गेले तेव्हा म्हटलं, बसून करायचं काम शोधू. दोन वेळा नापास होऊन तिसऱ्या वेळी मोठ्या गाडीचं लायसन मिळालं. काम हंगामापुरतं आहे, मे ते ऑगस्ट. संत्री संपली की आम्हीही संपलो.

शिकवायला मदाला मिळाला आहे. खरं नाव चामुनोर्वा, सरहद्दीपलीकडचा, झिम्बाब्वेतल्या मस्विंगोकडचा. मदाला म्हणजे म्हातारबा. सगळे तेच म्हणतात, तो स्वतःही फोन उचलून "मदाला बोलतोय" म्हणतो. बावीस वर्षं थंड गाड्याच चालवतोय. मला पाहून म्हणाला, "बाई दिली का? बरं झालं. बाई निदान ऐकते तरी." मी म्हटलं, "ते तुम्हाला कुणी सांगितलं?" तेव्हा हसला. पुढचे दोन दात नाहीत.

५ मे
आज गाडी हलवलीच नाही. नुसतं उघडून दाखवली.
"हे काय आहे, सांग."
"फ्रिज."
"चूक. गोधडी आहे. गार माल घातलास तर गार ठेवील, गरम घातलास तर गरम. थंड करायची ताकद हिच्यात नाही, लोकांना वाटतं तसं."
भिंतीवरची लाल रेघ दाखवली. तिच्यावर पेट्या गेल्या की वरून वारा फिरत नाही, मागचा माल शिजतो. छोट्या संत्र्यांना चार अंश. शून्याखाली गेली तर आत काळी पडतात, वर सालीला काही कळत नाही. "माणसासारखंच," म्हणाला. मला असली वाक्यं आवडत नाहीत, पण लिहून ठेवते.

११ मे
माझ्याच जुन्या शेडातून माल भरला. मदालानं सुई लावलेलं तापमापक काढलं आणि प्रत्येक पॅलेटमधलं, म्हणजे पेट्यांच्या थप्पीतलं, एकेक संत्रं टोचत सुटला. तीन पॅलेट नऊ अंशांवर. म्हणाला, घेणार नाही. सुपरवायझर ओरडायला लागला, बायका हसायला लागल्या. त्यातल्या अर्ध्या माझ्या ओळखीच्या. "मोसिबुदी, तुझा नवरा फार नखरेल गं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस मात्र पायरीवर बसून पाव खातोय. दोन तासांनी माल परत थंड करून आणला.

वाटेत मी बोलले, "एवढं ताणायचं काय होतं? चार अंश काय, नऊ काय."
"डर्बनच्या बंदरात माल नाकारला की शेड म्हणणार, ड्रायव्हरनं डिझेल वाचवायला मशीन बंद ठेवलं. कागदावर सही कुणाची असते?"
"आपली."
"तुझी असली तर चौकशी होईल. माझी असली तर चौकशीही व्हायची नाही, सरळ हाकलतील."

२० मे
दोन दिवस घरी. लेसिबानं गाडीपुढं उभी करून माझा फोटो काढला. माझा धाकटा भाऊ, चौतीस वर्षांचा. माझ्याआधी सहा वर्षं त्याच्याकडं हेच लायसन आहे आणि चार वर्षं हाताला काम नाही. आईच्या खोलीत झोपतो. जेवताना मान वर करत नाही.

आज मात्र बोलला. किती गाड्या, कोण कोण चालवतं. मी सांगितलं, चौदा गाड्या, नऊजण बाहेरचे, सरहद्दीपलीकडून आलेले. त्यानं बोटं मोजली.
"नऊ," म्हणाला. "म्हणजे नऊ घरं इथली उपाशी."
"तसं नसतं रे."
"कसं असतं मग? तू सांग. तो म्हातारा तुला शिकवतोय ते काय प्रेमानं? उद्या तुझ्या जागी स्वतःचा पुतण्या आणून बसवील."
मदाला तसा नाही, असं मी म्हणाले. पण मग अंथरुणावर पडून मीही नऊ मोजले. खोटं कशाला लिहू.

१ जून
माझी गाडी मिळाली. जुनी आहे, दार आपटल्याशिवाय लागत नाही, थंडीचं मशीन म्हातारीसारखं कण्हतं. मदालाकडं नवी पांढरी आहे. तिचं मशीन चालू आहे की नाही, कान लावून पाहावं लागतं. दोघं पुढंमागं जातो. तो पुढं, मी मागं. हजारेक किलोमीटर त्याच पांढऱ्या दाराकडं बघत जायचं. चढावर तो वेग कमी करतो, मी मागं पडू नये म्हणून. मला त्याचाही राग येतो.

ती गाडी मला हवी आहे.

८ जून
मोठ्या रस्त्यावर टोलच्या अलीकडं इथलेच बेकार लोक बाहेरच्या ड्रायव्हरांना अडवताहेत. काचांवर दगड. परवा एकाला खाली ओढून कागद मागितले, कागद दाखवले ते फाडून टाकले. हेंड्रिकनं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर जावं, माल मात्र वेळेत पोचावा.

मदालानं मला बाजूला घेतलं. हॅरिस्मिथ गाव सोडलं की मोठा रस्ता टाकायचा आणि धरणावरून जुन्या घाटानं उतरायचं. रस्ता खराब आहे, तासभर जास्त लागतो, पण तिकडं कुत्रंही फिरकत नाही.
"बाकीच्यांना सांगू?"
"नको. चार गाड्या दिसायला लागल्या की तिथंही येतील. तू नि मी, बस."

मला बरं वाटलं. एवढ्या ड्रायव्हरांत त्यानं मला सांगितलं.

१० जून
घाट सुंदर आहे. गवत वाळून पिवळं झालंय, खाली पाणी. धरणाच्या कडेला गाड्या लावल्या, सकाळचे नऊ. त्याच्या थर्मासमधला चहा, माझ्याकडची शिळी भाकरी. त्यानं बायकोला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी येत नाही. दोघी नुसत्या हसलो.

१२ जून
घरी. लेसिबानं माझं कामाचं जॅकेट धुऊन वाळत घातलं होतं. त्यानं असं काही केल्याला किती वर्षं झाली. संध्याकाळी चुलीपाशी बसून बोललो. त्याला अखेर माझ्या कामात रस वाटायला लागला. तापमान कसं बघतात, भरायला किती वेळ लागतो, सगळं विचारलं.
"टोलकडून जाताना तुला भीती नाही वाटत, ताई?"
"कसला टोल. आम्ही जुन्या घाटानं जातो, धरणावरून."
"दोघंच?"
"दोघंच. नऊच्या सुमाराला चहा घेतो तिथं, पाण्याच्या कडेला. एकदा तुला नेईन."
"ने की," म्हणाला. मग विचारलं, "आता परत कधी?"
"अठराला."
पुढच्या हंगामात याच्यासाठी हेंड्रिककडं शब्द टाकायचा. शिकायची इच्छा आहे पोराला.

१६ जून
लेसिबाचा फोन. आईच्या छातीत दुखतंय, अठराला दवाखान्यात नेलंच पाहिजे, मोठ्या डॉक्टरांचा तोच दिवस आहे. त्याला दुसरं काम आहे. मी म्हटलं, माझी फेरी आहे, एक दिवस उशिरा नेऊ. ऐकेना. जवळजवळ रडकुंडीला आला. "ताई, तू जाऊ नकोस. माझं ऐक."

हेंड्रिक कुरकुरला, पण माझी फेरी दुसऱ्याला दिली. तो मोठ्या रस्त्यानं जाणारा, इथलाच. मदाला म्हणाला, "जा. फळं दर वर्षी येतात." माल भरून तो उद्या दुपारी निघेल, घाटात एकटाच.

१८ जून
सकाळपासून रांगेत. आई वैतागली. "मला काय झालंय? छातीत कुणाच्या दुखतंय?" डॉक्टरांनी तपासून वाताच्या गोळ्या दिल्या. लेसिबा घरी नव्हता, फोन बंद. मला इतका संताप आला. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाचं नाव घेऊन असली थट्टा.

दुपारी हेंड्रिकचा फोन आला. मदालाची गाडी जाळली.

२१ जून
हेंड्रिकबरोबर जाऊन आले. घाटाखालच्या गावात सरकारी दवाखाना आहे, तिथं ठेवलंय.

पाण्याच्या कडेला ते आधीच येऊन बसले होते. दोन गाड्या, सातआठ माणसं, तोंडाला फडकी. मदाला म्हणतो, त्यांनी त्याला मारलं नाही. उतर म्हणाले, तो उतरला. केबिनमध्ये बाटली टाकून पेटवलं. मग त्याला आठवलं, पासपोर्ट आणि कामाचा परवाना सीटमागच्या पिशवीत आहे. तो परत चढला. पिशवी बाहेर काढली, पण हात गेले. कोपरापर्यंत पट्ट्या आहेत, दोन पांढरी गाठोडी उशांवर ठेवल्यासारखी.

मला बघून म्हणाला, "माल चार अंशांवर होता. लिहून घे."

जेवण समोर ठेवून नर्स निघून गेली होती. वॉर्डात तीस खाटा, तिला तरी किती हात. मी मक्याची पेज कालवून चमच्यानं भरवली. त्यानं सगळी खाल्ली. खाताना माझ्याकडं बघत नव्हता, भिंतीकडं बघत होता. बाईच्या हातून खाताना लाज वाटत असेल.

येताना जागा पाहिली. गाडीचा सांगाडा काळा पडलाय. मागच्या डब्यातला अर्धा माल वाचला, तो लोकांनी पाट्या भरभरून नेला. भाजलेल्या सालींचा वास अजून आहे. वळणावर एक बाई त्याच संत्र्यांचे ढीग लावून बसली होती. हेंड्रिकनं गाडी थांबवून दोन पिशव्या घेतल्या, एक मला दिली. गोड होती.

२८ जून
आता दर फेरीला दवाखान्यात थांबते. हेंड्रिकनं अर्धा तास दिला आहे. कोंबडीच्या काळजांचं कालवण त्याला आवडतं, ते करून नेते. बायकोला इकडं यायला कागद मिळत नाहीत. फोन मी त्याच्या कानाशी धरते.

आज भरवताना एकदम म्हणाला, "त्यांना जागा माहीत होती. वेळसुद्धा."
माझा चमचा थांबला.
"ऑफिसातूनच फुटलं," तो म्हणाला. "गाडीत यंत्र असतं ना. कोण कुठं थांबतं ते तिथं पडद्यावर दिसतं. कुणीतरी बघून सांगितलं."
"असंच असणार," मी म्हटलं.
"दुसरं कोण?" म्हणाला, आणि तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी.

परतताना खूप हलकं वाटलं. ऑफिसातून. तिथं काय, चहावालाही पडद्यात डोकावतो.

६ जुलै
जळालेल्या गाडीच्या जागी तशीच नवी पांढरी आली. हेंड्रिकनं किल्ली माझ्याकडं दिली. नको म्हणावं असं वाटलं, पण मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी घेणारच होता. दार बोटानं ढकललं तरी लागतं.

मदालाला सांगितलं नाही. खिडकीतून त्याला गाडी दिसत नाही, लांब लावते.

१३ जुलै
बाहेरचे नऊ होते, त्यातले सहा निघून गेले. कुणी कामावरून काढलं नाही, आपणहून गेले, असं हेंड्रिक सांगतो. जागा भरायला इथली माणसं घेताहेत. लेसिबालाही घेतलं. मी शब्द टाकायच्या आधीच त्यानं जाऊन अर्ज दिला होता. कुणाकडं जायचं, काय विचारतील, सगळं त्याला ठाऊक होतं.

आईनं कोंबडं कापलं. शेजारीपाजारी आले. लेसिबा नवा शर्ट घालून बसला होता, मान वर करून जेवला. मला भरल्या घरात गुदमरायला झालं. आनंदानं होतं असं कधीकधी.

२० जुलै
डर्बनच्या बंदराबाहेर रांग. अकरा तास गाड्या हलल्या नाहीत. करायला काही नाही म्हणून ही वही पहिल्यापासून वाचली.

बारा जून वाचलं. मग सोळा जून वाचलं. मग परत बारा.

माझंच अक्षर आहे. मी काय एवढी मूर्ख आहे? नाही. एकोणीस वर्षं डाग असलेलं फळ पट्ट्यावरून उचलून बाजूला टाकत आले. बघायचं असतं तर तेव्हाच दिसलं असतं.

२३ जुलै
लेसिबाला शेडामागं गाठलं. सरळ विचारलं. नाही म्हणाला नाही.
"मारायचं नव्हतं कुणाला. गाडी जाळायची, एवढंच ठरलं होतं. तो वेडा परत चढला त्याला मी काय करू?"
"तू होतास तिथं?"
"नव्हतो. मी फक्त सांगितलं." मग म्हणाला, "तू सांगितलंस, मी सांगितलं. मधे फरक काय?"
मी त्याच्या तोंडात मारली. त्यानं गाल चोळला नाही की काही नाही.
"तुला घरी कुणी ठेवलं, ताई? त्यांना दोन्ही गाड्या हव्या होत्या. मी पाया पडलो त्यांच्या, की माझी बहीण आहे, तिला येऊ देत नाही मी. ते तुझ्या वहीत लिहिलंस का?"

आता लिहिलं.

पोलिसांकडं जावं असं दोन दिवस मनात आहे. गेले तर लेसिबा जाईल, आई जाईल, माझी गाडी जाईल. आणि मला विचारतील, त्याला कुणी सांगितलं. आज गेले नाही. उद्याही जाणार नाही, मला माहीत आहे.

३१ जुलै
मदालाला दवाखान्यातून सोडलं. ऑफिसनं चिठ्ठी दिली, हात काम करत नाहीत म्हणून नोकरी संपली. परवाना नोकरीवर होता, नोकरी नाही म्हणजे परवानाही नाही. ज्या पिशवीसाठी हात घालवले ती आता नुसती पिशवी. परवा बसनं मस्विंगोला जातोय. पोलोक्वाने शहरात बस बदलावी लागते, तिथपर्यंत मी त्याला गाडीतून नेईन म्हटलं. हेंड्रिकनं नको म्हणायचं धाडस केलं नाही.

२ ऑगस्ट
आज पांढरी गाडी त्याला दिसलीच. शेजारच्या सीटवर बसला, हात मांडीवर पालथे. पट्ट्या गेल्या, कातडी गुलाबी आणि चकचकीत, ताणल्यासारखी. पूर्ण वाटेत दोनदाच बोलला. एकदा म्हणाला, गिअर उशिरा टाकतेस. एकदा म्हणाला, मशीन ऐक, पट्टा सैल झालाय. मी थांबून पाहिलं, झाला होता.

बसला अवकाश होता. थंड वारा सुटला होता, आम्ही भिंतीच्या आडोशाला बाकावर बसलो. मी ठरवलं होतं, बस दिसली की सांगायचं, म्हणजे लांबवायला नको. पण आधीच तोंडातून निघालं.
"मदाला, ते ऑफिसातून नाही फुटलं. मी माझ्या भावाला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं तो काय करणार. पण मीच सांगितलं."

तो समोर बघत राहिला. समोर एक बाई मक्याची कणसं भाजत होती.
"माहीत आहे," म्हणाला.
"कधीपासून?"
"शुद्धीवर आलो तेव्हापासून. घाटाचं मी एकट्या तुलाच सांगितलं होतं."
"तुम्ही तर म्हणालात, यंत्र, पडदा—"
"त्या गाडीतलं यंत्र मे महिन्यापासून बंद होतं. हेंड्रिकला दोनदा सांगून झालं होतं."
मी म्हटलं, "मग माझ्यासमोर तसं का बोललात? तोंडावर का नाही सांगितलं?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.
"पोरी, तीस खाटा आणि एक नर्स. ती ताट ठेवून जायची, परत यायची तेव्हा तसंच घेऊन जायची. पहिले तीन दिवस मी ताटाला तोंड लावून खाल्लं, जनावरासारखं. मग तू आलीस चमचा घेऊन. तुला म्हटलं असतं की तूच ती, तर तू परत आली असतीस?"

मी कणसं भाजणाऱ्या बाईकडं बघितलं.
"नसतीस आली," तो म्हणाला. "मला जेवायचं होतं."

बस लागली. लोक बोचकी घेऊन उठले. मी त्याची पिशवी वर चढवून आले. तो खालीच उभा होता, कोट उघडा, वाऱ्यानं फडफडत होता.
"बटणं लाव," म्हणाला. "बोटं वळत नाहीत अजून."

पाच बटणं होती. खालून सुरुवात केली. वरचं लावायला त्यानं हनुवटी उचलून धरली. मग वळला आणि पायऱ्या चढून आत गेला. मागं बघितलं नाही.